पातेल्याआधी फ्रिज: घरी बिअर बनवण्याच्या सामानाचा आढावा

मी फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो, पोट त्याच्यावरच चालतं. घरी बिअर बनवायला लागलो ती हौस म्हणून, पण सामानाकडे बघायची नजर मात्र धंद्यातली राहिली. कुठली वस्तू किती चकाकते यापेक्षा ती काय धरून ठेवते, किती टिकते आणि बिघडली तर उघडता येते का, हे मी आधी बघतो. सुरुवातीच्या किटपासून केगपर्यंत (बिअर भरून ठेवायचं स्टीलचं पिंप) जे जे माझ्या हातून वापरून झालंय, त्याबद्दल इथे लिहितो आहे. नव्या लोकांचे पैसे चुकीच्या क्रमाने खर्च होताना बघून मला खरंच वाईट वाटतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधीच. घरी बिअर बनवायला सगळीकडे परवानगी नसते. ब्रिटनमध्ये १९६३ साली लायसन्सची अट गेली, अमेरिकेत केंद्रीय कायद्याने १९७९ पासून मोकळीक मिळाली, पण कित्येक ठिकाणी आजही बंदी किंवा परवान्याची अट आहे. तुम्ही जिथे राहता तिथला नियम बघा आणि मगच पुढे जा.

सुरुवातीचं किट मला आवडतं. झाकणाची प्लास्टिकची बादली, तळाशी तोटी, एअरलॉक (आतला गॅस पाण्यातून बाहेर सोडणारी, बाहेरची हवा आत न घेणारी झडप), हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी), बाटल्या भरायची नळी आणि माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, एक्स्ट्रॅक्टचा डबा, एवढंच त्यात असतं. सगळ्यात जास्त दिसणारा डबा ऑस्ट्रेलियाच्या कूपर्सचा. १.७ किलोचं, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घातलेलं घट्ट एक्स्ट्रॅक्ट आणि झाकणाखाली ७ ग्रॅम यीस्टची पुडी. गरम पाण्यात विरघळवा, किलोभर साखर घाला, गार पाणी ओतून २३ लिटर करा, वर यीस्ट टाका. उकळणं नाही, गाळणं नाही. संध्याकाळी जेवणाआधी काम आटोपतं.

डबा चांगलाच आहे, त्यात दोन बदल मात्र मी प्रत्येकाला सांगतो. साध्या साखरेऐवजी तेवढीच कोरडी माल्ट एक्स्ट्रॅक्ट पावडर घाला. साखर पूर्ण आंबते आणि बिअर पातळ, पाणचट लागते; माल्टने तोंडात भरल्यासारखी होते, फेसही टिकतो. दुसरं, पुडीतलं यीस्ट बाजूला ठेवा आणि ११.५ ग्रॅमचं वेगळं पाकीट घ्या. मी फर्मेंटिसचं यूएस-०५ वापरतो. त्याची स्वतःची चव फार कमी येते, त्यामुळे माल्ट आणि हॉप्स काय बोलतायत ते नीट कळतं. या दोन बदलांनी डब्याची बिअर पाहुण्यांसमोर बिनदिक्कत ठेवावी अशी होते. वर्षभर एक्स्ट्रॅक्टवरच काढलंत तरी कमीपणा मानू नका.

बादलीबद्दल एकच तक्रार आहे, आणि ती तोटीची. किटमधली तोटी बादलीतून काढली की पूर्ण उघडते; आतला फिरणारा नळकांडा बाहेर ओढून बघा. मागच्या बिअरचा तपकिरी चिकट थर त्या दोन भागांच्या मधल्या फटीत बसलेला असतो. वरून कितीही धुतलं तरी तिथे पाणी पोचत नाही. गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवली की प्लास्टिक सैल होतं आणि नळकांडा अंगठ्याने ढकलून निघतो. दर वेळी हे करा. बिअर आंबट निघाल्याच्या किती तरी तक्रारी या फटीपाशी येऊन मिटतात. बादलीला तारेची घासणी कधीच लावू नका, ओरखड्यांमध्ये जंतू घर करतात आणि मग सॅनिटायझरचाही इलाज चालत नाही.

सॅनिटायझर म्हणून स्टार सॅन. लिटरला साधारण दीड मिलिलिटर, दोन मिनिटं ओलं राहू द्यायचं, धुवायचं नाही. फेस येतो, तो तसाच राहू दिला तरी बिअरला काही होत नाही. हे आम्ल आहे, मळ काढत नाही. मळ आधी पर्कार्बोनेटच्या पावडरने काढायचा. मी एक फवारणीची बाटली कायम भरून ठेवतो, कारण ऐन वेळी चिमटा, कात्री, यीस्टचं पाकीट, सगळ्यावरच मारावं लागतं. कडक पाण्यात द्रावण गढूळ होतं, म्हणून बाटलीसाठी डिस्टिल्ड पाणी घ्या, महिना महिना टिकतं.

आता खरा मुद्दा. किटवर चार-दोन बिअर झाल्या की माणसाला मोठं चकचकीत स्टीलचं भांडं दिसायला लागतं. पंप, डिजिटल पॅनल, बाजूला लटकणारी कॉईल. मोह मी समजू शकतो. पण हातात पैसे आले की पहिली खरेदी एक जुना फ्रिज आणि एक टेंपरेचर कंट्रोलर, ही असली पाहिजे. भांड्यात होतो तो वॉर्ट, म्हणजे गोड काढा. त्याची बिअर यीस्ट करतं, आणि यीस्टला आपल्या हातून मिळणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्थिर तापमान.

हे मी ऐकीव सांगत नाही. एकाच उकळीतला वॉर्ट मी दोन बादल्यांत अर्धा अर्धा केला, दोन्हीत एकाच यीस्टचं सारखं वजन टाकलं. एक बादली फ्रिजमध्ये १८ अंशांवर, दुसरी खोलीत, जिथे दिवसा २७-२८ असायचं. बाटल्यांवर फक्त ठिपके लावून ताईला दिल्या. तिला बिअरमधलं काही कळत नाही, म्हणूनच दिल्या. पहिली तिने शांतपणे संपवली. दुसरीचा वास घेऊन म्हणाली, “हिला नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा वास येतोय, आणि घशात गरम लागतंय.” एथिल ॲसिटेट आणि जड अल्कोहोल, दोन्ही तिने नाव न घेता बरोबर ओळखली. माल्ट तेच, हॉप्स तेच, भांडं तेच.

कारण साधं आहे. साखर आंबताना उष्णता सुटते. जोरात असताना बादलीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी वर जातं. म्हणजे खोली २२ वर ठेवली तरी यीस्ट २५-२६ वर काम करत असतं. पहिले तीन दिवस सगळ्यात महत्त्वाचे, नको ते वास बहुतेक तेव्हाच तयार होतात. नंतर तापमान थोडं वाढलं तर उलट फायदाच होतो. शेवटी दोन अंश वर नेलं की यीस्ट लोण्यासारखा वास देणारं डायअसेटिल परत खाऊन टाकतं.

फ्रिज कुठला घ्यावा, यावर मी अधिकाराने बोलू शकतो. जुना, एक दाराचा, डायरेक्ट कूल, गोल फिरवायचा थर्मोस्टॅट असलेला. फ्रॉस्ट-फ्री आणि इलेक्ट्रॉनिक बोर्डवाला शक्यतो टाळा. बाहेरचा कंट्रोलर फ्रिजचा वीजपुरवठाच तोडतो आणि जोडतो. साध्या फ्रिजला त्याचं काही वाटत नाही. बोर्डवाल्या फ्रिजला मात्र दर वेळी लाईट गेल्यासारखं होतं. काही मॉडेल पुन्हा सुरू होताना सेटिंग विसरतात, काहींचं डीफ्रॉस्टचं वेळापत्रक कोलमडतं. फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट सगळ्यात गार खुणेवर ठेवा, म्हणजे तो मध्ये लुडबुड करणार नाही आणि निर्णय कंट्रोलरच घेईल.

आणि कृपा करून फ्रिजच्या बाजूला भोक पाडू नका. पुष्कळ फ्रिजमध्ये कंडेन्सरची नळी बाजूच्या पत्र्याच्या आत चिकटवलेली असते. ड्रिलचं टोक तिथे लागलं की गॅस गेला आणि फ्रिजही गेला. सेन्सरची वायर दाराच्या गॅस्केटखालून आत घ्या. रबर मऊ असतं, बारीक वायरीवर नीट बसतं.

कंट्रोलर मी इंकबर्डचा आयटीसी-३०८ वापरतो. दोन सॉकेट, एक गार करायला, एक गरम करायला. दिसायला साधा, मेनू चार ओळींचा, आणि त्यात कॉम्प्रेसर डिले आहे, जी माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची सोय. कॉम्प्रेसर बंद झाला की आतला दाब दोन्ही बाजूंना समान व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी चालू केला तर तो दाबाविरुद्ध उठू शकत नाही, घुरघुरतो, ओव्हरलोड ट्रिप होतो, आणि हे रोज झालं तर एक दिवस जळतो. कंपनीने तीन मिनिटं दिलेली असतात, मी पाच करतो. जास्तीत जास्त दहा करता येतात. उणीव सांगायची तर सेन्सरची. त्याच्या डोक्यातून वायर निघते तिथे पाणी शिरेल असं मला वाटतं, म्हणून मी तो द्रवात बुडवत नाही.

बुडवायची गरजही नाही. बादलीच्या बाहेरून, द्रवाच्या पातळीच्या बरंच खाली, सेन्सर टेपने चिकटवा आणि त्यावर तळहाताएवढा, दोन बोटं जाड फोमचा तुकडा बांधा. फोममुळे फ्रिजच्या हवेचा परिणाम तुटतो आणि आकडा बादलीच्या आतल्या तापमानाच्या अगदी जवळचा येतो. बरेच लोक सेन्सर नुसता हवेत लोंबत सोडतात. मग हवा १८ दाखवते, बादलीत २२ असतं, आणि कॉम्प्रेसर दर थोड्या वेळाने चालू-बंद होत राहतो. तापमान किती सरकलं की कंट्रोलरने चालू व्हायचं, तो फरक मी अर्धा अंश ठेवतो. गरम करायला कमी वॉटचा पट्टा पुरतो, आणि थंडी नसेल तर त्या सॉकेटला काही जोडूही नका.

याच फ्रिजमध्ये शेवटी १-२ अंशांवर दोन दिवस ठेवलं की यीस्ट तळाशी बसतं आणि बिअर स्वच्छ होते. गार होताना आतली हवा आकसते आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं. त्याआधी एअरलॉक काढून तिथे सॅनिटायझर मारलेला घट्ट बूच लावा, किंवा एअरलॉकमध्ये पाण्याऐवजी स्टार सॅनचं द्रावण ठेवा. आणि दार उघडताना तोंड आत घालू नका. नेहमीच्या ताकदीची २३ लिटर बिअर आंबताना जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि तो बंद पेटीत साठलेला असतो. नाकात झणझणतं. फ्रिज लहान बंद खोलीत असेल तर खिडकी उघडी ठेवा. रिकामा असताना दाराला काडी लावून फट ठेवा, नाहीतर गॅस्केटवर काळी बुरशी धरते.

हायड्रोमीटरवर लांबण लावत नाही. काचेचा साधा घ्या, आणि दोन घ्या, कारण तो फुटतोच. घनतेचा आकडा सुरुवातीला १.०५०, शेवटी १.०१० आला तर फरकाला १३१ ने गुणा, सव्वापाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणून बिअर झाली असं समजू नका. झाकण सैल असलं तरी बुडबुडे थांबतात. दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकच आकडा आला की झालं. टिल्टसारखे आत तरंगणारे ब्लूटूथ मीटर मी वापरलेत. आलेख बघायला मजा येते, आंबणं कधी सुरू झालं आणि कधी मंदावलं ते झाकण न उघडता कळतं. पण फेस आणि यीस्ट चिकटून त्यांचा आकडा एक-दोन अंकांनी सरकतो, म्हणून बाटल्या भरायचा निर्णय मी काचेच्या हायड्रोमीटरवरच घेतो. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) उकळताना छान, दोन थेंबांत काम होतं. अल्कोहोल तयार झाल्यावर मात्र तो दुरुस्तीचं गणित केल्याशिवाय खोटं सांगतो.

फ्रिज झाला की मग धान्याकडे वळा, म्हणजे डब्यातल्या एक्स्ट्रॅक्टऐवजी माल्टपासून स्वतः वॉर्ट काढा. इथे मी कापडी पिशवीच्या बाजूचा आहे. मोठं भांडं, त्यात बारीक जाळीची मजबूत पिशवी, पिशवीत भरडलेलं माल्ट, पाणी ६६ अंशांवर तासभर. भांडं गोधडीत गुंडाळून ठेवलं तरी चालतं. तासानंतर पिशवी उचला, निथळू द्या, उरलेला वॉर्ट उकळा. ६४ च्या जवळ राहिलात तर बिअर कोरडी, ६८-६९ वर गेलात तर भरीव. २३ लिटरसाठी भांडं ४० लिटरचं हवं, नाहीतर उकळी आली की शेगडीवर सगळं सांडतं. अर्ध्या घाण्याला २० लिटरचं पुरतं, आणि नवशिक्याने अर्धा घाणाच करावा असं मला वाटतं. ओल्या धान्याची पिशवी जड आणि गरम असते, तेव्हा आधीच वर आकडा आणि दोरी लावून ठेवा.

ग्रेनफादर, ब्रूझिला, ॲनव्हिल फाउंड्री ही सगळी एकाच भांड्याची विजेची यंत्रं. त्यांतल्या एकावर मी आता बिअर बनवतो आणि समाधानी आहे. तापमान स्वतः धरतं, पंप वॉर्ट फिरवत राहतो, स्वयंपाकघरातली शेगडी मोकळी राहते. पण चवीत पिशवीपेक्षा फरक पडला का? माझ्या जिभेला नाही. फरक पडला तो कंबरेला आणि वेळेच्या हिशेबाला. घेताना वॉट बघा. २३० व्होल्टवर दोन-अडीच हजार वॉटचं यंत्र ३० लिटर खणखणीत उकळतं. ११० व्होल्टवर तेच काम रेंगाळतं, तिथे भांड्याला उष्णतारोधक जॅकेट हवंच. एक्स्टेंशनच्या बारीक वायरीवर असं यंत्र चालवू नका; सॉकेट हाताला गरम लागलं तर लगेच बंद करा. आणखी एक, पंपाच्या तोंडाची जाळी. हॉप्सचा गाळ तिथे साचला की पंप कोरडा पळतो. हॉप्स जाळीच्या नळकांड्यात टाकले की हा त्रास संपतो.

थंड करायला तांब्याची कॉईल. भांड्यात शेवटची पंधरा मिनिटं उकळत्या वॉर्टमध्ये बुडवा म्हणजे वेगळं सॅनिटायझर लागत नाही, मग नळाचं पाणी सोडा. कॉईल नुसती ठेवून उभे राहू नका. हलवत राहिलात तर वेळ अर्ध्यावर येतो, कारण कॉईलला लागून असलेला गार थर हलला की नवीन गरम वॉर्ट तिथे पोचतो. आमच्या धंद्यात कंडेन्सरला पंखा लागतो तो त्याचसाठी. पहिलं बाहेर येणारं कढत पाणी बादलीत धरा, भांडी धुवायला तेच वापरा. नळाचंच पाणी २८-३० असेल तर कॉईल त्याखाली नेऊ शकत नाही. तिथवर आणा, बादली फ्रिजमध्ये ठेवा, कंट्रोलर १८ दाखवेल तेव्हा यीस्ट टाका. रात्र गेली तरी चालेल, बादली स्वच्छ असली पाहिजे. प्लेट चिलर मी विकून टाकला. गार झटकन करतो, पण पातळ पत्र्यांच्या मध्ये काय अडकलंय ते उघडून बघता येत नाही, आणि जे उघडता येत नाही त्यावर माझा भरवसा बसत नाही.

त्याच कारणाने इंटरनेटशिवाय न चालणारं यंत्रही घेऊ नका. पिकोब्रूची यंत्रं कंपनीच्या सर्व्हरला जोडलेली होती. २०२० मध्ये कंपनी बुडाली आणि मालकांना आपलीच यंत्रं चालू ठेवायला खटपट करावी लागली. काचेचा मोठा कारबॉयही (बिअर आंबवायची अरुंद तोंडाची बरणी) नको. २३ लिटर भरलेला, बाहेरून ओला, हातातून निसटला तर टाके पडतात. पेट प्लास्टिकचे फर्मेंटर (आंबवायची भांडी) स्वच्छ दिसतात आणि हलकेही असतात.

शेवटची पायरी केगची. बाटल्यांना माझा विरोध नाही. लिटरला सहा ग्रॅम साखर मोजून घातली आणि बिअर पूर्ण आंबलेली असली की बाटलीतली बिअर उत्तम होते. पण बाटल्या धुण्याचा कंटाळा येऊन छंद सोडलेले लोक मी पाहिलेत, त्यांच्यासाठी १९ लिटरचा बॉल लॉक केग हा इलाज आहे. फ्रिजमध्ये ४ अंश, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरच्या रेग्युलेटरवर १२ पीएसआय दाब, आठ-दहा दिवसांत गॅस बरोबर भरतो. केग हलवून घाई करू नका, जास्त भरला तर काढत बसावं लागतं. केगमधून बिअर बाहेर आणणारी नळी ५ मिलिमीटर आतल्या व्यासाची आणि किमान तीन मीटर लांब घ्या. दुकानदार मीटरभर देतात, मग ग्लासात नुसता फेस येतो आणि माणूस दाब कमी करत बसतो. दाब बरोबरच असतो, नळी आखूड असते.

वापरलेला केग घेतला तर सगळ्या ओ-रिंग बदला, नव्या रिंगांना खाण्यायोग्य सिलिकॉन ग्रीस बोटाने लावा. मग गॅस सोडा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी ब्रशने फिरवा: झाकण, दोन्ही पोस्ट (नळ्या जोडायची तोंडं), रेग्युलेटरचा नट. बारीक मोहरीएवढे बुडबुडे हळूहळू वाढताना दिसले की गळती आहे. एक बारीक गळती आठवड्यात सिलिंडर रिकामा करते. आणि सिलिंडरचा गेज बघून किती गॅस उरलाय ते ठरवू नका. आत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. २० अंशांना दाब ५७ बारच्या आसपास, आणि शेवटचा थेंब द्रव असेपर्यंत तो तेवढाच राहतो. काटा खाली यायला लागला तेव्हा सिलिंडर संपल्यातच जमा असतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन गळ्यावर कोरलेलं असतं. वजनकाट्यावर ठेवा आणि वजा करा. सिलिंडर उभाच ठेवा, साखळीने बांधा, उन्हात किंवा यंत्राच्या शेजारी नको.